घरी दळलेली लायब्ररी

आमच्या थोरल्या साडूंइतका संशयी माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये दिवा घेऊन शोधलात तरी सापडायचा नाही. गंमत म्हणजे तेवढा प्रेमळही सापडायचा नाही. त्यांचा संशय सगळा वस्तूंवर, त्यातही रेडीमेड वस्तूंवर. 'रेडीमेड' हा शब्द ते शिवीसारखा उच्चारतात. रहाटणीच्या त्यांच्या घरात बाहेरचं लोणचं येत नाही, मसाला येत नाही, शर्टसुद्धा ते शिंप्यासमोर स्टूल टाकून शिवून घेतात. गिरणीत दळण पडलं की शेवटची चिमूट बाहेर येईपर्यंत जागचे हलत नाहीत. एकदा गिरणीवाला वैतागून म्हणाला, "काका, घरी जावा की, पीठ काय पळून जात न्हाई." तर म्हणतात कसे, "पळत नाही हो, पण आधीच्याची ज्वारी मिसळते त्यात!" हिंजवडीत सॉफ्टवेअरची नोकरी करतात, पण तिथेही हाच खाक्या.

मी चाकणला मोटारीच्या सुट्या भागांचं एक गोदाम सांभाळतो. माल मोजायला आमच्याकडे हातात धरायची जुनी स्कॅनर मशिनं आहेत. त्यांच्यात मोबाईलसारखीच एक छोटी ऑपरेटिंग सिस्टीम असते, जिचा नाद ती बनवणाऱ्यांनीही कधीच सोडला. आम्ही ज्या कंपनीला माल देतो तिने एक दिवस कळवलं, की तुमच्या मशिनांचं एन्क्रिप्शन जुनं झालंय, पुढच्या महिन्यापासून आमचा सर्व्हर त्यांना जोडून घेणार नाही. नवी मशिनं घ्यायची आमच्या मालकांची ऐपत नव्हती. म्हणजे काम दुसऱ्याकडे जाणार, गोदामाला कुलूप लागणार आणि पन्नाशीला आलेला मी नोकरी शोधत फिरणार. रविवारी एक मशिन पिशवीत घालून मी साडूंचं घर गाठलं. सगळं ऐकून ते म्हणाले, "क्रिप्टोग्राफीची नवी लायब्ररी बसवावी लागेल. मी करतो कंपाइल."

मशिन आणि सर्व्हर यांचं बोलणं तिसऱ्याला कळू न देणारा प्रोग्रॅमांचा गठ्ठा म्हणजे ही लायब्ररी, आणि तिचा मूळ कोड या मशिनला पचेल असा करून घेणं म्हणजे कंपाइल करणं, एवढं त्यांनी मला समजावलं. मी भाबडेपणाने म्हटलं, "साडूभाऊ, नेटवर तयारच मिळत असेल की." झालं! "घर आपलं आणि किल्ली कुणा परक्याने घडवलेली? शोभतं का राव?" मी पिशवीतून मशिन काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

पुढचे रविवार मी तिथेच. साडू एका म्हाताऱ्या लॅपटॉपसमोर गिरणीत बसल्यासारखे ठाण मांडून. एरर आली की तिलाही अहो-जाहो, "बोला, आता काय म्हणणं आहे आपलं?" बाकीचे लोक ज्या वॉर्निंगकडे ढुंकून बघत नाहीत, तिचंही हे समाधान करून देणार. ताई, म्हणजे त्यांची बायको, चहा ठेवता ठेवता म्हणायच्या, "माझं एक ऐकत नाहीत, त्या डबड्याची मात्र सगळी गाऱ्हाणी ऐकून घेतात." शेवटी एकदाची लायब्ररी कंपाइल झाली. साडूंनी देवापुढे साखर ठेवली, लायब्ररी मशिनमध्ये टाकली आणि मशिनने सर्व्हरशी जोडायला साफ नकार दिला.

साडूंचा चेहरा बघवेना. "माझंच चुकलं की काय हो," असं ते म्हणाले. इतक्या वर्षांत मी हे त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मग त्यांची नजर स्क्रीनच्या कोपऱ्यात गेली आणि ते टाळी वाजवून हसले. नुसतं पडून पडून मशिनची बॅटरी पार उतरली होती आणि आतलं घड्याळ वीसेक वर्षं मागे गेलं होतं. "सर्व्हरचं ओळखपत्र आत्ताचं. याच्या मते ते अजून निघालेलंच नाही, मग विश्वास कसा ठेवणार? शहाणं आहे हो पोर!"

तारीख लावायला साल एकेक करून पुढे न्यावं लागत होतं. साडू प्लॅस्टिकच्या काडीने बाण दाबत गेले. "हे तुमचं लग्न. कान पिळला म्हणून चिडला होतात. हे आमच्या चिंगीचं बारसं. हा फ्लॅट." मी हसत होतो. एका सालावर काडी थांबली. पुढच्या साली मामा गेले होते, आमच्या दोघांचे सासरे.

"या मशिनच्या हिशेबाने ते अजून दिघीच्या घरात पेपर वाचत बसलेत बघा," साडू हळूच म्हणाले.

मामांची आठवण येते हे आम्ही एकमेकांना कधी बोलूनच दाखवलं नव्हतं. आत ताई काहीतरी परतत होत्या.

"दाबा, साडूभाऊ," मी म्हटलं.

त्यांनी दाबलं, मग पुढची सालं भराभर नेली. मशिन सर्व्हरशी बोलायला लागलं. माझी नोकरी वाचली होती, पण ते ताईंना सांगायला आम्हा दोघांपैकी कुणीच लगेच उठलं नाही.