मास्तरकाकू आणि समुद्राकाठचं गोल्फ

मास्तरकाकूंना कुणाचं सांत्वन करता येत नसे. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या आमच्या मराठी गोतावळ्यात कुणाची नोकरी गेली की बाकीचे जेवणाचे डबे घेऊन जात. काकू दारातच म्हणत, “काम येत नव्हतंच तुला. आता तरी शीक.” नागपूरच्या शाळेत गणित शिकवलेल्या या बाईंना अमेरिकेत येऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण त्यांच्या लेखी आम्ही सगळे मागच्या बाकावरचेच.

मी पुण्याहून नोकरीसाठी नुकतीच आले होते. ऑफिसात जो तो गोल्फबद्दल बोलायचा आणि काकू इथे येऊन त्यात पटाईत झालेल्या, म्हणून त्यांच्याकडे शिकायला लागले. “हा स्विंग नाही, तू अंगण झाडते आहेस,” त्या म्हणत. मी रडायला लागले की घड्याळ बघत. पण ज्या दिवशी माझा चेंडू पहिल्यांदा सरळ गेला, त्या दिवशी त्यांनी वाकून पुढचा चेंडू स्वतःच्या हाताने माझ्यासमोर ठेवला. त्या एका वाकण्यासाठी मी पुढे किती बोलणी खाल्ली!

त्यांचे यजमान, आमचे काका, फार मऊ माणूस. त्यांना पार्किन्सन्स झाला आणि हात थरथरायला लागले. स्कॉटलंडमध्ये समुद्राकाठी एकदा खेळायचं, ही त्यांची जुनी इच्छा. डॉक्टर नको म्हणाले. काकूंनी बुकिंग करून टाकलं. मला म्हणाल्या, “सामान उचलायला कुणीतरी हवं. रजा टाक.”

ते मैदान इतकं सुंदर होतं की राग यावा. एका बाजूला करडा समुद्र, दुसरीकडे पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं, पलीकडच्या टेकडीवर मेंढ्या. काकांचा चेंडू वाळूच्या खोल खड्ड्यात पडला आणि काही केल्या बाहेर येईना. मागचे खेळाडू ताटकळले. खेळाची पिशवी वाहणारा बरोबरचा म्हातारा कॅडी हळूच म्हणाला, “साहेबांनी चेंडू हाताने उचलला तरी चालेल, मॅडम.”

“नाही. ते मारतील,” काकू म्हणाल्या.

“अगं, पुरे. लोक बघतायत,” काका म्हणाले.

“बघू द्या. अहो, मारा.”

पुढच्या फटक्याला तोल जाऊन काका वाळूत गुडघ्यांवर पडले. मी धावले, तर काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं. “हात लावायचा नाही.” काका क्लबच्या दांड्याचा आधार घेत कसेबसे उठले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तसंच त्यांनी मारलं. चेंडू काठावर आला आणि गवतात थांबला. “चला पुढे,” काकू म्हणाल्या.

संध्याकाळी मी त्यांना तोंडावर दुष्ट म्हटलं.

“आहेच मी. आता लोक यांना धरून चालवणार, भरवणार, पुसणार. मीसुद्धा तेच करणार. आजचा दिवस तरी नको होतं ते मला.”

परतल्यावर काकांनी क्लब पुन्हा हातात घेतला नाही. पुढे माझीही नोकरी गेली आणि मी पुण्याला परतले. २००८च्या हिवाळ्यात एकदा काकूंचा फोन आला.

“हे गेले,” त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच कोरडा. “फार हाल झाले. शेवटी मीच उशाशी बसून सांगत होते, अहो, सोडा आता. तर नाही. श्वास ओढतच राहिले. जन्मभर माझं ऐकलं बघ त्यांनी. एवढं एक नाही ऐकलं.”