तुरटीत दिसलेली बाई

हे मी ह्यांना सांगितलेलं नाही. माझ्या आईलाही ती असेपर्यंत सांगितलं नाही. देवापुढे उभी राहिले आणि हे मनात आलं, की मी घाईघाईने आरती सुरू करते. तुम्हाला सांगतेय. तुम्हालाच का — ते नका विचारू. तुम्ही कधी माझ्या घरी जेवायला येणार नाही, हेच कारण असेल बहुतेक.

आधी ओमीबद्दल सांगते. नाही, टाळत नाहीये. म्हणजे — थोडी टाळतेच आहे, पण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

ओमी माझा थोरला. दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट, दोन वर्षांचाही झाला नव्हता. आम्ही कोन गावात राहायचो, एकत्र घर. सासू, मोठे दीर, जाऊ, हे आणि मी. सासूला आम्ही सगळे आय म्हणायचो. ह्यांचा टेम्पो होता; लूमवरून कापडाचे तागे उचलायचे आणि काल्हेरच्या गोडाऊनला टाकायचे. सकाळी गेलेला माणूस दुपारी जेवायला येईल याचा भरवसा नाही. म्हणजे पोर माझ्या गळ्यात. आणि पोर तरी कसलं, नुसता भुंगा!

घरात बरा असायचा हो. बाहेर काढला की अंगात यायचं त्याच्या. सिक्स सीटर रिक्षात बसलं की उतरायचं असायचं, उतरलं की परत बसायचं. निजामपुऱ्यात बाजाराला नेला की रस्त्याच्या मधोमध आडवा. मागून हातगाडीवाला 'बाजू, बाजू' ओरडतोय, रिक्षावाला हॉर्नवरचा हात काढत नाहीये, माझ्या हातात भाजीच्या पिशव्या, आणि हा उताणा पडून पाय झाडतोय. एक चप्पल कुठे उडाली पत्ता नाही. आणि लोक! लोकांना नेमकं तेव्हाच बोलायचं असतं. कोणी म्हणतं भूक लागली असेल, कोणी म्हणतं पोटात दुखतंय, कोणी नुसतंच च्यक् च्यक् करतं. एकदा बांगड्यांच्या दुकानातला म्हातारा चाचा म्हणाला, "बेटी, बच्चा माँ का हाथ नहीं पहचानता क्या?" चांगल्या मनानेच म्हणाला असेल बिचारा. मी घरी आले आणि मोरीतला नळ सोडून रडले.

रागही यायचा. धपाटा घालायची मी, आणि लगेच त्यालाच कुरवाळत बसायची. मग दोघंही रडत. नाकी नऊ म्हणतात ना, ते मी रोज बघत होते.

गप्प राहायचा तो फक्त ताईकडे.

ताई म्हणजे माझी मोठी जाऊ, सगुणाताई. उंच बाई. आमच्या घरात सगळ्यांत उंच, दिरांपेक्षाही बोटभर जास्तच. लग्नाला कितीतरी वर्षं झालेली, मूल नव्हतं. दवाखाने झाले, नवस झाले, मग त्या दोघांनी तो विषयच सोडला. ओमी तिला 'मोई' म्हणायचा, मोठी आई म्हणता येत नव्हतं म्हणून. तिच्या कडेवर बसला की दुसरंच पोर! तीच रिक्षा, तोच बाजार, तीच गर्दी, आणि हा तिच्या मंगळसूत्राचे मणी चाळवत शहाण्यासारखा बसलेला. ती काही जादू करत नव्हती. तिला घाई नसायची, एवढंच. तो रस्त्यात बसला तर तीही बाजूला उकिडवी बसायची, लोक काय म्हणतील म्हणून इकडेतिकडे बघायची नाही.

मला बरं वाटायला हवं होतं ना? नाही वाटायचं. जळायचे मी. आज खरं बोलायचंच ठरवलंय तर हेही ऐका — एकदा तरी त्याने तिच्याकडे रडून घर डोक्यावर घ्यावं, असं मला वाटायचं. कुठली आई असं मागते?

त्या पावसाळ्यात त्याला सर्दी झाली. डॉक्टरांनी गुलाबी औषध दिलं, अर्धा चमचा, म्हणाले झोप येईल जरा. त्याच दिवशी मला बाजारात जावं लागलं आणि ओमी सबंध वेळ माझ्या खांद्यावर झोपून होता. भाजी घेतली, परकराचं कापड घेतलं, कोणी च्यक् केलं नाही. तोच चाचा म्हणाला, "कितना शांत बच्चा है." मला इतकं बरं वाटलं की काय सांगू! कानात वारं शिरल्यासारखी चालत घरी आले.

सर्दी गेली. बाटली मात्र मी टाकली नाही.

कळलं ना तुम्हाला? मी बाजाराला निघताना द्यायची. कोणाच्या साखरपुड्याला जायचं असलं की द्यायची. अर्धा चमचाच, जास्त नाही — असं मी स्वतःला बजावायची. संपली तेव्हा दुकानातून दुसरी आणली. डबा होता कपाटात, साड्यांच्या मागे, त्यात ठेवायची. मग सांगा, मला कळत नव्हतं कशावरून? चूक वाटत नसती तर लपवली असती का?

मग माझ्या धाकट्या बहिणीची हळद आली. आम्हा आगऱ्यांची हळद तुम्हाला माहीत असेल. लग्नाला एक वेळ माणूस चुकेल, हळदीला नाही. दुपारपासूनच मांडव भरलेला, बँड आलेला, लग्नाचे धवले गाणारी बाई आत देवघरापाशी बसलेली. मी करवलीच्या तोऱ्यात होते, नवी साडी, केसांत गजरा. मला त्या दिवशी नाचायचं होतं हो! बाकी काही नाही. दोन वर्षं मी कुठे धड बसून जेवले नव्हते, मला एक दिवस नुसतं नाचायचं होतं.

निघताना मी चमचाभर दिलं. मांडवात बँड सुरू झाला तसा तो दचकून उठला, भोकाड पसरलं. ताई म्हणाली, आन इकडं, मी फिरवून आनते. ती त्याला घ्यायला हात पुढे करत होती, आणि मी "थांब, पाणी पाजते" म्हणून त्याला आतल्या खोलीत नेलं. तिथे अंदाजाने दिलं. चमचा नव्हता. बाटलीच लावली तोंडाला.

मग दिला ताईच्या हातात. आणि नाचले.

दिवस कलायला लागला तेव्हा ताई मांडवातून वाट काढत माझ्याकडे आली. तिच्या तोंडावरचा रंग उडालेला. ओमीने मान टाकली होती. हाक मारली तर पापणी नुसती थरथरायची, हात उचलला की खाली पडायचा. ताईनेच रिक्षा थांबवली. दवाखान्यापर्यंत तीच त्याला छातीशी धरून बसली होती, मी शेजारी नुसती "ओमी, ओमी" करत होते. हे आले, आय आली.

डॉक्टरांनी विचारलं, काही औषध दिलं होतं का?

मी म्हटलं, नाही.

आता तुम्ही थांबा जरा. कारण मीही इथे दरवेळी थांबते. पोर समोर पडलेलं. सांगितलं असतं तर त्यांना उपचार कळला असता. हे मला तेव्हाही कळत होतं. पण हे शेजारी उभे, आय उभी, आणि — जीभ टाळ्याला चिकटली असं म्हणू का? नाही चिकटली. चांगला स्पष्ट आवाज आला. नाही.

त्यांनी सलाईन लावलं, रात्रभर नजरेखाली ठेवलं. सकाळी ओमीने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. माझं दैव म्हणा. त्याचं म्हणा. घरी जाऊन मी बाटली मोरीत रिकामी केली, फोडली आणि कचऱ्यात टाकली, आणि मला वाटलं, सुटले.

त्या संध्याकाळी आयने तुरटी काढली.

तुमच्याकडे मीठमिरच्या असतील. आमच्या घरी पोराला जास्त झालं की तुरटी. पोरावरून तुरटीचा खडा उतरवायचा आणि शेगडीतल्या निखाऱ्यांवर टाकायचा. तो फसफसतो, फुगतो, पांढरा होतो, आणि त्याचा काहीतरी आकार होतो. ज्याची नजर लागली त्याचं रूप त्यात उमटतं म्हणतात. आणि आमच्यात रीत अशी, की पहिलं पोराच्या आईने बघायचं. आई जे सांगेल ते खरं. तिच्या डोळ्यांना पोराचा वैरी ओळखू येतो म्हणे.

आयने ओमीला माझ्या मांडीवर दिलं, तुरटी उतरवली, टाकली. दिवेलागणीची वेळ. ताई दारात उभी होती, हातात ओमीच्या पेजेची वाटी आणि चमचा. गार होईपर्यंत थांबली होती.

काय दिसलं मला त्यात? काही नाही! फुगलेली तुरटी दिसली. करपलेल्या पापडासारखी, एका बाजूला जरा उंच. मला म्हणता आलं असतं, आय, मला काही कळत नाही. पण डॉक्टर काय म्हणाले ते घरभर चाललेलं होतं — पोटात काही गेलं असेल, बघा. आय दोन वेळा म्हणाली होती, पोटात काय जानार, माझ्या घरात? कोणीतरी शोधायला लागलं की कचऱ्यातल्या काचांपर्यंत किती वेळ? त्यांना दुसरं काहीतरी मिळायला हवं होतं.

"काय दिसतंय गं?" आयने विचारलं.

"बाई," मी म्हटलं.

"कशी हाय? बुटकी का उंच?"

मी म्हटलं, "उंच."

नाव घेतलं नाही मी. कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले, की बाई, तू नाव तर नाही ना घेतलंस. वा! काय पण पुण्य!

आयने वर पाहिलंसुद्धा नाही. तिने तुरटी चिमट्याने काढून दारापुढे ठेवली आणि मला म्हणाली, डाव्या पायातल्या चपलेने ठेच, भुगा कर. तीही रीतच आहे. दार म्हणजे जिथे ताई उभी होती. ती बाजूला सरकली, मला जागा करून दिली. मी खाली बसून चपलेने ठेचत राहिले, तिच्या पायांशी. तिने वाटी खाली ठेवली आणि आत गेली.

कोणी तिला एक शब्द बोललं नाही. भांडण नाही, टोमणा नाही. आयने फक्त दुसऱ्या दिवसापासून ओमीला आंघोळ झाली की आपल्याजवळ घेऊन बसायला सुरुवात केली. शेजारच्या बारशाला ताईला हाक गेली नाही. एवढंच.

आणि ओमी — त्याला काय कळतंय? तो तसाच तिच्या खोलीच्या दाराशी जाऊन दोन्ही हात वर करायचा. "मोई, घे. मोई, घे." ती हात पाठीमागे बांधून उभी राहायची. त्याच्याकडे बघायचीही नाही, भिंतीकडे बघायची. तो पाय आपटायचा, आडवा पडायचा, लाल होईपर्यंत रडायचा. मागे वाटायचं ना मला, की एकदा त्याने तिच्याकडे रडावं? रडला. रोज रडला, आणि मीच जाऊन त्याला उचलून आणायची. माझ्याकडे तर आणखी रडायचा. मग एक दिवस तो तिच्या दाराशी जायचा थांबला. पोरं विसरतात.

दीर पुढे काल्हेरच्या नव्या बिल्डिंगमध्ये राहायला गेले. गोडाऊनची ड्युटी तिकडेच, येण्याजाण्याचा त्रास वाचतो, असं सगळे म्हणत होते. मीही म्हणत होते. सामान भरायला ह्यांचाच टेम्पो होता.

आय गेली त्याला आता काही वर्षं झाली. तिच्या वर्षश्राद्धाला ताई आली होती, केस पांढरे झालेले, तशीच ताठ. सगळे जेवून गेले, पुरुष बाहेर होते, ओमी कॉलेजला. घरात आम्ही दोघीच भांडी आवरत होतो. आणि ती आपणहून बोलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

म्हणाली, "बरं झालं तू तवा बोललीस. मला कुठं ठाव होतं माझ्या नजरेत असं काय हाय ते. पोर माझ्याच हातात होतं ना गं, माझ्याच हातात मान टाकली त्यानं." मग म्हणाली, "भावाला दोन पोरी झाल्या. मी न्हाय घेतलं कधी त्यांना. लांबून बगते. आपल्यापायी कशाला कोनाला काय व्हावं?"

तिचे डोळे कोरडे होते. तिला ते पटलेलं होतं. हाताला मीठ लागलं की धुवायचं, तसं साधं सांगत होती.

सांगायला तेव्हा काही आडवं येत नव्हतं. आय नव्हती. हे बाहेर होते. ओमी धडधाकट, माझ्यापेक्षा उंच झालेला. एक वाक्य होतं. ताई, औषध मी पाजलं होतं.

मी म्हटलं, "जाऊ दे ताई, आता कशाला ते." आणि तिच्या हातातलं पातेलं घेऊन फळीवर ठेवलं.