गेरूखालचे साग

आडे सर गेल्याची बातमी देवरावच्या फोनवरून कळली. देवराव मारेगावजवळच्या रोपवाटिकेत मुकादम आहे. विहिरीकडच्या सागांची पानं पडली, हे सांगायला त्याने सकाळी सरांना फोन लावला होता. तो सरांच्या पत्नीने, विमलताईंनी घेतला. सर पहाटे गेले होते. देवरावने दोन्ही गोष्टी मला त्याच क्रमाने सांगितल्या, आधी झाडांची, मग सरांची... हृदयाचा आजार जुना होता. फेब्रुवारी चालू होता आणि निम्मी पानगळ बाकी होती.

मोहन आडे उमरखेडकडच्या एका तांड्यावरचे. मारेगावच्या महाविद्यालयात त्यांनी माझ्यासह कितीतरी जणांना वनस्पतिशास्त्र शिकवलं. तरुणपणी रोपवाटिकेमागच्या तुकड्यात त्यांनी निरनिराळ्या मुलखांतला साग लावला होता: पैनगंगेच्या कोरड्या टेकड्यांवरचा, गडचिरोलीचा, केरळातला. दिसायला साग एकच. पण प्रत्येकाच्या बियाणात त्याच्या मुलखाचं ऊन-पाऊस पिढ्यानपिढ्या मुरलेलं असतं, असं ते सांगत. उन्हाळा वाढतो आहे आणि झाडाला उठून थंड जागी जाता येत नाही. सरळ वाढणाऱ्या एकाच झाडाची रोपं सगळीकडे लावली, तर एका वाईट उन्हाळ्यात ती सगळी सोबतच जातील. कोणतं बियाणं तग धरतं, ते या तुकड्यात कळणार होतं. जमिनीच्या फरकाने फसगत होऊ नये म्हणून रोपं मुद्दाम सरमिसळ लावलेली होती. लागवडीचा नकाशा पुढे महाविद्यालयाच्या अडगळीत वाळवीने खाल्ला. तेव्हापासून मुलखाप्रमाणे खोडावर रंगवलेला पट्टा एवढीच झाडाची ओळख उरली.

गेल्या वर्षी राजूरकडून येणाऱ्या कोळशाच्या ट्रकांसाठी रस्ता आखला गेला, तो नेमका या तुकड्यातून. सरांच्या खटपटीमुळे एक वरिष्ठ अधिकारी दिवाळीनंतर पाहणीला यायला तयार झाले. आदल्या दिवशी सर हृदयाच्या तपासणीसाठी यवतमाळला होते. साहेब येणार म्हटलं की आपल्याकडे झाडांना गेरू-चुना लावतात. देवरावनेही मजूर लावले. जुने पट्टे मळकट दिसत होते, म्हणून आधी ते विळ्याने खरडून काढले. एकही खोड सुटलं नाही.

पाहणीच्या सकाळी सर एकेक खोड पाहत तुकडाभर फिरले. मग म्हणाले, "देवराव, तू तं झाडायचं गावच पुसून टाकलं."

"पाहुणा आला का घर सारवतेच न माणूस, सर," देवराव म्हणाला. त्याला अजून काही कळलं नव्हतं.

कोणतं झाड कुठलं, असं अधिकाऱ्यांनी विचारलं. खात्रीची होती तेवढी सरांनी दाखवली. बाकीच्यांची नावं अंदाजाने सांगायला नकार दिला. मग ही साधी लागवडच झाली, असं अधिकारी म्हणाले. कोरड्या मुलखातला साग आधी झडतो, ओल्या मुलखातला उशिरा, त्यावरून ओळख पुन्हा लावता येईल, असं सरांनी सांगितलं. त्यांना एका पानगळीची मुदत मिळाली.

विमलताईंनी जुनी लुगडी फाडून चिंध्या दिल्या, एकेका मुलखाची एकेका रंगाची. सर झाड पाहत, पानं चोळत, खात्री झाली की चिंधी बांधायला सांगत. देवराव मान खाली घालून बांधायचा. एकदा तो म्हणाला, "सर, मले एकडाव शिव्या तं द्या."

"शिव्या देऊन रंग येते काय? गाठ पक्की मार."

या वर्षी माघातच ऊन तापलं. झाडं घाईने, क्रम सोडून झडू लागली. डॉक्टरांनी अंथरूण सोडू नका म्हणून बजावलं होतं. सर दुपारचेही जाऊ लागले. शेवटचा आठवडा तेवढा घरात, फोनवर गेला.

तेराव्यानंतर तिकडे जाणं झालं. तुकड्याच्या मध्यापर्यंत चिंध्या आहेत, पुढे नाहीत. पान पडलेलं देवरावला दिसत होतं. त्यावरून झाड कुठलं ते सांगणारं कोणी नव्हतं. आता सगळीच झाडं उघडी आहेत. मुदत संपली. गेरूवर तोडणीचे आकडे पडले आहेत.

विमलताईंच्या स्वयंपाकघरात खुंटीला एक पिशवी टांगलेली आहे. तिच्यात केरळातल्या सागासाठी फाडलेल्या हिरव्या चिंध्या आहेत, सगळ्या कोऱ्या. तो साग सर्वांत शेवटी झडतो. पिशवी काढून ठेवायची का, असं विचारलं तर त्या नको म्हणाल्या.

"रोज विचारायची मी, हिरव्या कधी नेता म्हणून," त्या म्हणाल्या. "ते म्हणे, त्याले अजून वेळ आहे..."