विकून टाकलेल्या नाण्याचा भाव

क्रिप्टोत पैसे ठेवावेत का, असं मला बोईसरात अजून लोक विचारतात. कंपनीच्या बसमध्ये विचारतात, कँटीनच्या रांगेत विचारतात. मी हसून विषय बदलतो. त्यांना वाटतं, याने भरपूर कमावलंय आणि सांगत नाही. सांगत नव्हतो हे खरं आहे. कारण वेगळं होतं.

मी तारापूरच्या एमआयडीसीत रसायनांच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत आहे. आलेला नमुना तपासायचा, चांगला की वाईट ते लिहायचं आणि खाली सही करायची, असं माझं काम. माझा थोरला भाऊ पालघरजवळच्या माहीमला आमची वाडी बघतो. वाडीत नारळ, केळी आणि मुख्य म्हणजे पानवेल. खायच्या पानांची.

टाळेबंदीच्या आधी त्या वेलींना मर लागली. एकेक करत सगळ्या सुकल्या. दादाने ठरवलं की जमीन दोन-तीन वर्षं मोकळी ठेवायची, तिथे दुसरं काहीतरी घ्यायचं आणि मग नवी वेल लावायची. त्याच सुमारास वाडीचा कडेचा तुकडा रस्त्यात गेला आणि त्याचे पैसे आले. म्हणजे वेलीचे पैसे हातात होते, फक्त वेळ यायची होती. तोवर ते ठेवायचे कुठे, हे विचारायला दादा माझ्याकडे आला. शिकलेला मीच होतो ना.

दिवस कसे होते ते आठवतच असेल. आमच्या कारखान्यात निम्म्या पाळ्या बंद. ठेवींचं व्याज दर खेपेला खाली. ओळखीतल्या कुणाचे तरी पैसे एका पतपेढीत अडकलेले. वहिनी म्हणाल्या, "सोनं घ्या आणि गप बसा." मी म्हणालो, सोनं चढून बसलंय, आता घेऊन काय उपयोग. बसमध्ये सगळे मोबाईलवर एकच आलेख बघत असायचे. मीही थोडंसं घेतलं होतं आणि ते वाढत होतं. वाढत होतं म्हणून मला वाटायला लागलं की मला त्यातलं कळतं.

"ते नाणं असतं कुठं?" दादाने विचारलं.

"कुठेच नसतं. म्हणजे तसं सगळीकडे असतं."

"आनि बाजार?"

"जगभरचा."

"तू बघितलाय?"

"बघण्यासारखा नसतो, दादा."

मला वाटलं, आता हा नाही म्हणणार. तो उलट हसला. "मग आपलं येगळं काय हाय? आबांनी जन्मभर पानं वर उत्तरेकडं पाठवली. पालघर स्टेशनात टोपल्या चढवल्या की संपलं. तो बाजार आपल्या घरातल्या कुणी बघितलाय? पट्टी आली की कळायचं काय भाव लागला तो. पडला तर पडला. तू घे."

दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब लिहिलेला कागद, आबांच्या, आमच्या वडिलांच्या, हातात आठ-दहा दिवसांनी यायची आणि त्यावर जे असेल ते घरात मुकाट्याने घेतलं जायचं. न पाहिलेल्या बाजाराची दादाला भीती नव्हती, कारण त्याची सवयच होती. त्या क्षणी मी त्याला सांगायला हवं होतं की पान शेवटी कुणीतरी खातं. या नाण्याचं शेवटी कोण काय करतं, हे मला माहीत नव्हतं. आजही नीटसं माहीत नाही. पण मी बोललो नाही. मोठ्या भावाने आपल्यावर विश्वास टाकलाय हे मला आवडलं होतं.

पैसे माझ्याच खात्यातून गेले. माझं थोडं एकीकडे, दादाचं दुसरीकडे, दोन वेगळ्या ॲपवर, सरमिसळ नको म्हणून. दर रविवारी मी फोन करून त्याला भाव सांगायचो. तो वहिनींना ओरडून सांगायचा, "ऐकलं का, सोनंवाले!"

मग ते पडायला लागलं. आधी थोडं, मग रोज. का पडतंय ते कुणालाच सांगता येईना. परदेशात व्याज वाढलं म्हणून, असं एक म्हणायचा. सरकारने कर लावला म्हणून, असं दुसरा म्हणायचा. तिसरा म्हणायचा, कर लावला म्हणजे मान्यता दिली, उलट वाढेल. मला तिघांचंही पटायचं. आमच्या बॉयलरवरच्या भैयाने वेगळंच कुठलंतरी स्वस्त नाणं घेतलं होतं. तो एकदा मोबाईल पुढे धरून म्हणाला, "सरजी, अपना वाला तो अब दिखता भी नहीं. नाम ही गायब है." आणि तो हसला. मी लगेच दादाचं ॲप उघडून पाहिलं.

त्याच आठवड्यात कारखान्याचा एक विभाग बंद होणार अशी बातमी आली. त्या दुपारी, चहाच्या सुट्टीत, प्रयोगशाळेच्या मागे उभं राहून मी दादाचं सगळं विकलं. निम्म्याहून कमी उरलं. ते बँकेत दादाचे पैसे म्हणून वेगळ्या ठेवीत टाकलं, माझ्याच खात्यावर. माझं स्वतःचं मात्र विकलं नाही.

असं का केलं, याची दोन उत्तरं मी इतकी वर्षं स्वतःला देत आलो. एक, दुसऱ्याचे पैसे पूर्ण बुडू नयेत. दोन, माझं बुडालं तर बुडालं. दोन्ही ऐकायला बरी वाटतात. पण ते परत वाढेल असं मला वाटत नसतं, तर माझं तरी कशाला ठेवलं असतं? आणि वाढेल असं वाटत होतं, तर त्याचं का विकलं? इथे माझी गाडी अडते. जो माणूस दुसऱ्यांच्या नमुन्यांवर सही करतो, त्याला स्वतःचं हे एक तपासता येत नाही.

दादाला लगेच सांगणार होतो. रविवारी फोन लावला. त्याने उचलल्या उचलल्या विचारलं, "किती पडलं?" मी सांगितलं. तो म्हणाला, "असूं दे. पडलंय तर चढंल." आणि विकल्याचं न सांगताच मी फोन ठेवला. पुढच्या रविवारीही भाव सांगितला. त्याच्या पुढच्याही. एकही भाव खोटा नव्हता. फक्त ज्याचा भाव सांगत होतो, ते त्याच्याकडे राहिलं नव्हतं.

भाव खालीच राहिला असता तर कदाचित हे सगळं तसंच मिटलं असतं. मी कधीतरी ठेव मोडून पैसे दिले असते, थोडं कमी आलं म्हणालो असतो, आणि दादाने पट्टीसारखं तेही घेतलं असतं. पण ते चढलं. आधी होतं तिथे आलं आणि त्याच्याही वर गेलं. भाव चढला की माणसाची झोप उडते, हे कुणाला सांगू? रविवार आला की माझा हात फोनकडे जाईना.

मग दादानेच फोन केला. "टीव्हीवर दाखवतायत. काढ आता. माती तयार हाय. येल लावायची."

मी माहीमला गेलो. पडवीत दादा होता, वहिनी चिंच सोलत बसल्या होत्या. चहा संपेपर्यंत मी इकडचं तिकडचं बोललो. मग एका दमात सांगून टाकलं. विकलं कधी, उरलं किती, ठेव कुठे आहे, सगळं.

दादाने रिकामा कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, "मग रविवारचे भाव?"

"ते खरेच होते."

"खरे होते?" त्याला ते कळेना. "खोटं सांगितलं असतंस तर मला समजलं असतं रे. खरं कशाला सांगत होतास?"



वहिनींनी हातातली चिंच खाली ठेवली. "आनि तुमचं, भावोजी? तुमचं बी इकलं का?"

हा प्रश्न कुणी विचारू नये अशी माझी इच्छा होती. बोईसरहून दोन बस बदलून येईपर्यंत तेवढीच इच्छा होती. "माझं आहे," मी म्हणालो.

त्या उठून आत गेल्या. आत भांडं जोरात आपटल्याचा आवाज आला.

"मी माझं विकतो," मी दादाला म्हणालो. "उद्याच. सगळं तुला देतो. तुझं होतं तेवढं होणार नाही, पण बरंच होईल."

तो विचारात पडला. आणि मग अगदी मनापासून, हिशेबी माणसाच्या आवाजात म्हणाला, "आता इकायचं की थांबायचं? चढंल का अजून?"

 राग, शिवी, काहीही चाललं असतं. तो मला सल्ला विचारत होता.

"मला माहीत नाही, दादा. खरंच माहीत नाही. तेव्हाही नव्हतं."

"हे तेवा बोलायचं होतंस," तो म्हणाला, आणि पायात चपला घालून वाडीत गेला.

ठेवीच्या पैशांत ठरवली होती त्याच्या निम्मीच वेल लागली आहे. उरलेल्या जागेत केळी आहेत. वहिनी माझ्याशी बोलतात, पण जेवायला थांबा म्हणत नाहीत. आणि माझं ते नाणं अजून तसंच आहे. मी महिनाभर दादाच्या मागे लागलो की विकतो, घे. तो म्हणतो, "चढतंय तर आता कशाला इकायचं?" मग दोन आठवडे भाव खाली आला की विचारतो, "तेवा का नाय इकलंस?" ते आता त्याचं की माझं, हे आम्ही ठरवलेलं नाही. ठरवायला गेलं की आम्ही दोघंही मोबाईल काढून भावच बघायला लागतो.