चौदा वेळा समजलं

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो माझ्या भाचीच्या पायाशी बसला होता. शाळा उघडायला आठ दिवस उरले होते आणि बुटांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. भाची सहा वर्षांची. तिच्या पायात लाल पट्टीचा निळा बूट होता आणि तो सोडून दुसरा कुठलाही बूट ती घेणार नव्हती.

"बसतो ना गं?" मी विचारलं.

"हो आत्या. मस्त बसतो."

तो विक्रेता तिशीतला, किडकिडीत, कानामागे पेन्सिल खोवलेला. एका बुटक्या स्टुलावर बसला होता. त्याने भाचीला काहीच विचारलं नाही. "त्या आरशापर्यंत जाऊन ये," एवढंच म्हणाला. ती जाऊन आली. "आता त्या तीन पायऱ्या चढ. आता उतर." उतरताना भाचीने कठडा धरला. त्याने अंगठ्याने बुटाचं टोक दाबून पाहिलं आणि मला म्हणाला, "नाही बसत, ताई."

"बसतो!" भाची म्हणाली.

"उतरताना बोटं आखडलीस तू."

भाचीने खाली पाहिलं. पकडली गेली की ती नेहमी खाली पाहते. गल्ल्यावरून मालकांचा आवाज आला, "अरे, गिऱ्हाईक बसतो म्हणतंय, मग तुझं काय जातंय?"

"माझं काही नाही, मालक. हिचं नख जाईल."

तिच्या मापाचा निळा बूट शिल्लक नव्हता, तपकिरी मिळाला. भाची घरी पोचेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. तिच्या पायाला त्या वर्षी काही झालं नाही. जे झालं नाही त्याची आठवण कोण ठेवतो? मीही त्या माणसाला विसरले.

त्यानंतर चार वर्षांनी तो माझ्या वर्गाच्या दारात उभा राहिला. काखेत पाठ टाचणांची वही आणि कानामागे तीच पेन्सिल. शिक्षक होण्याचं शिक्षण घेणारी मंडळी आमच्या शाळेत सहा-सहा आठवडे सरावाला येत. बाकीची सगळी विशी-बाविशीतली होती, हा चौतिशीचा. त्यामुळे ती त्याला काका म्हणत. तोही ओ देई.

"तुम्ही बुटांच्या दुकानात होतात ना?" मी विचारलं.

"होतो. अकरा वर्षं मुलांच्या पायाशी बसलो, बाई. म्हटलं, आता जरा त्यांच्या तोंडाकडे बघावं."

त्याची कागदपत्रं बघताना कळलं की ही त्याची दुसरी आणि शेवटची संधी होती. शेवटच्या पाठाला बाहेरचे परीक्षक येत आणि त्यात दोनदा नापास झालेल्याचं नाव कायमचं कमी होई. पहिल्या वर्षी दुसऱ्या एका शाळेत तो नापास झाला होता. परीक्षकांचा शेरा असा होता: 'विद्यार्थ्यांना समजले की नाही, हे एकदाही विचारले नाही.' मालकांनी त्याची जागा अजून भरली नव्हती. "नापास झालास तर परत ये," ते म्हणाले होते, "पण मग तोंड मिटून बूट विकायचे." तो हे मला हवामान सांगावं तसं सांगत होता, पण सांगताना त्याने वहीचा कोपरा तीनदा दुमडला आणि तीनदा सरळ केला.

माझ्या दुसरीच्या वर्गाबद्दल इथे थोडं सांगायला हवं. या मुलांना शिकाऊ शिक्षकांचा चांगला सराव होता. वनस्पतीचे अवयव त्यांनी पाच जणांकडून ऐकले होते. एखादी शिकाऊ बाई 'खोड' हा शब्द विसरली तर पहिल्या बाकावरून तिला हळूच पुरवला जाई. नव्या सरांना घाम फुटला की वर्ग आपोआप शांत बसे. आणि कोणीही, कधीही, काहीही झाल्यावर "समजलं का?" असं विचारलं की सदतीस मुलं एका सुरात म्हणत, "हो, सर!" बाई असल्या तर "हो, बाई!" यात त्यांची चूक कधी होत नसे.

त्याचा पहिला पाठ मी मागच्या बाकावर बसून पाहिला. विषय होता बेरीज. फळ्यावरचं अक्षर मोत्यासारखं, चित्रं रंगीत, आवाज खणखणीत. प्रत्येक पायरीला तो थांबे, वर्गाकडे वळे आणि विचारी, "समजलं का?"

"हो, सर!"

तो खुश होऊन पुढे जाई. पस्तीस मिनिटांत पाठ बरोबर संपला. घंटा झाली तेव्हा त्याचा चेहरा परीक्षा पास झाल्यासारखा होता. मग मी वह्या गोळा केल्या. सदतीसपैकी एकोणीस जणांची गणितं चुकली होती आणि दोघांनी गणिताऐवजी सरांच्या कानामागची पेन्सिल काढली होती.

निरीक्षण वहीत मार्गदर्शकाने निदान अर्धं पान लिहावं अशी अपेक्षा असते. मी नुसता आकडा लिहिला: १४.

तो वही घेऊन माझ्या टेबलापाशी आला. "बाई, चौदा काय? गुण?"

"तुम्ही चौदा वेळा विचारलंत."

"काय विचारलं?"

"समजलं का म्हणून."

"ते विचारायचंच होतं ना! त्यावरच गेल्या वर्षी गेलो."

"काय उत्तर आलं?"

"हो म्हणाले."

"चौदाही वेळा?"

"चौदाही वेळा." तो हसला, आणि अर्ध्यावरच त्याचं हसू थांबलं. तो मुलांच्या रिकाम्या बाकांकडे वळला. बाकांखाली एक एकटा बूट पडला होता, कोणाचा तरी, खेळायला जाताना काढून टाकलेला. मग तो म्हणाला, "बाई, मी अकरा वर्षांत एकाही मुलाला बूट बसतो का म्हणून विचारलं नाही."

"मला माहीत आहे. माझी भाची अजून तुमच्यावर रागावलेली आहे."

"निळा हवा होता, तीच ना?"

त्याला बूट आठवला, भाची आठवली नाही. मला ते पटलं.

दुसऱ्या दिवशी तो दुकानातलं ते बुटकं स्टूल घेऊन आला. मालकांनी दिलं म्हणाला. पुढे मालकांकडूनच कळलं की त्यांना विचारलं नव्हतं. तो स्टूल घेऊन एकेका बाकापाशी बसू लागला. त्याचं डोकं मुलांच्या डोक्याच्या खाली येई. आता तो "समजलं का?" विचारत नसे. "करून दाखव," म्हणे, आणि मूल करताना त्याच्या पाटीकडे न बघता हाताकडे बघे. कुठे बोट थांबलं, कुठे ओठ आत गेले, ते टिपून घेई. मुलांना आधी वाटलं की सर काहीतरी हरवलेलं शोधताहेत. एका मुलीने त्याला आपला खोडरबर देऊ केला.

मग त्याने त्यांना आणखी एक गोष्ट शिकवली. ती पाठ टाचणात नव्हती. आपल्याला कुठे चावतंय ते सांगायला. "नुसतं येत नाही म्हणायचं नाही," तो म्हणे. "टाचेला चावतंय की बोटाला, ते सांगायचं." दोन आठवड्यांत वर्ग बिघडला, निदान इतर शिक्षकांचं मत तसं होतं. शेजारच्या वर्गातल्या बाई माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या. "तुमच्या मुलांना मी कविता शिकवली आणि विचारलं, समजलं का, तर एक कार्टी म्हणते दुसऱ्या कडव्यापर्यंत समजली. अशानं कविता पुढे कशी जायची?"

शेवटच्या परीक्षेसाठी प्रत्येकाला 'माझे शैक्षणिक तत्त्वज्ञान' हा दोन पानी निबंध द्यावा लागे. हा निबंध कित्येक वर्षं एकच होता. एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे वारशाने येई. त्यात बालक हे उमलतं फूल होतं आणि शिक्षक हा माळी. त्यानेही तो उतरवून घेतला होता, पण माळ्यावर काट मारली होती.

"हे का खोडलंत?"

"मला बागकाम येत नाही, बाई. तोंडी परीक्षेत विचारलं तर काय सांगू?"

"मग तुम्हाला काय येतं ते लिहा."

त्याने जे लिहून आणलं ते अर्धं पानच होतं. मी ते तेव्हाच उतरवून ठेवलं. 'मुलाला बूट बसतो का, असे विचारू नये. मूल हो म्हणते. त्याला नवा बूट हवा असतो, आईला घरी जायचे असते आणि दुकानदाराला विकायचा असतो. तिघांचेही भले हो म्हणण्यात असते. पायाचे मात्र त्यात भले नसते. म्हणून मुलाला चालायला सांगावे आणि आपण खाली बसून बघावे. वर्गातही असेच करावे. याला वेळ लागतो.'

"दीड पान कमी पडतंय," मी म्हणाले.

"बायकोही तेच म्हणाली. तिला वाचून दाखवलं तर म्हणे, समजलं, आता आंघोळीला जा."

परीक्षेच्या दिवशी त्याच्या वाट्याला हातच्याची वजाबाकी आली. परीक्षक उंच, शांत, नीटनेटके. घड्याळ मनगटावरून काढून त्यांनी समोर बाकावर ठेवलं. त्यांच्या तक्त्यात पाठाच्या सहा पायऱ्या होत्या आणि प्रत्येकीसमोर एक चौकोन. पस्तीस मिनिटांत सहा चौकोन भरले की माणूस शिक्षक.

त्याने बेचाळीस वजा अठरा फळ्यावर लिहिलं. मुलांकडे काड्यांचे गठ्ठे होते, दहा-दहाचे, रबर लावलेले. दोनातून आठ जात नाहीत, म्हणून एक गठ्ठा सोडायचा. बारा मिनिटं सगळं घड्याळाबरहुकूम चाललं. तीन चौकोन भरले. मग तो स्टूल घेऊन खाली बसला, आणि तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीपाशी थांबला. तिने गठ्ठा हातात घट्ट धरला होता.

"सोड की रबर."

"नको सर. मोडेल तो."

"मोडला तर काय होईल?"

"कमी होईल."

आता ओळीने पुढे जायची आणि उदाहरणं द्यायची वेळ झाली होती. परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं. त्यानेही त्यांच्याकडे पाहिलं. त्याला ते चौकोन दिसत होते. दुकानातल्या खुंटीवर अजून टांगलेला आपला विक्रेत्याचा डगलाही दिसत असावा. मग तो वळला आणि तिला म्हणाला, "रबर काढ, आणि सगळ्या काड्या मोज. मी थांबतो."

तिने मोजल्या. दहा भरल्या. तिचा विश्वास बसला नाही, तिने पुन्हा मोजल्या. परत गठ्ठा बांधून, परत सोडून, तिसऱ्यांदा. वर्गात आणखी तिघांनी आपापले रबर चोरून काढले आणि मोजायला लागले. म्हणजे त्यांनाही तीच शंका होती. या मोजणीत अकरा मिनिटं गेली. घंटा झाली तेव्हा तो चौथ्या पायरीवर होता. पाचवा आणि सहावा चौकोन कोरा.

परीक्षकांनी घड्याळ मनगटावर चढवलं, उठून वर्गापुढे आले आणि सवयीप्रमाणे विचारलं, "काय मुलांनो, समजलं का?"

"नाही, सर," वर्ग म्हणाला.

माझ्या तेवीस वर्षांच्या नोकरीत त्या प्रश्नाला ते उत्तर मी ऐकलं नव्हतं. परीक्षकांनीही ऐकलं नसावं, कारण त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

"कोणालाच नाही?"

"सहा जणांना नाही," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. "बाकीच्यांना समजलंय. पण तुम्ही सगळ्यांना विचारलंत."

"कोण सहा?"

सहा हात वर झाले. लाजत नव्हते की घाबरत नव्हते. परीक्षक एकेकापाशी गेले. एक म्हणाला, "गठ्ठा सोडला की चाराचे तीन करायचे विसरतो, म्हणून चौतीस येतात." दुसरी म्हणाली, "मी आठातून दोन काढते. उलटं होतं ते कळतं, पण हात तिकडेच जातो." तिसऱ्याला काड्यांनी येत होतं, फळ्यावर येत नव्हतं. चौथी ती गठ्ठ्याची मुलगी. ती म्हणाली, "मला आता येईल, सर. पण अजून एकदा मोजून."

परीक्षक उभ्याउभ्या ऐकत होते. पाचव्याचं नीट ऐकू येईना, म्हणून वाकले. सहाव्यापाशी आल्यावर त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि ते बुटक्या स्टुलावर बसले. त्यांचे गुडघे त्यांच्या हनुवटीला लागले.

तोंडी परीक्षेत त्यांनी त्याचा अर्ध्या पानाचा निबंध वाचला, उलटून मागचं कोरं पान बघितलं आणि एकच प्रश्न विचारला. "यांना ही वजाबाकी यायला किती दिवस लागतील?"

"माहीत नाही, सर," तो म्हणाला. "रोज बघावं लागेल."

उत्तीर्ण व्हायला पन्नास गुण लागत. त्याला बावन्न मिळाले. शेऱ्याच्या रकान्यात परीक्षकांनी लिहिलं होतं: 'पाठ अपूर्ण. विद्यार्थ्यांना याची कल्पना आहे.'

तो दुकानात निकाल सांगायला गेला तेव्हा मालक म्हणाले, "सुटलो." मग स्टुलाचा विषय निघाला. मालकांनी ते त्याला देऊन टाकलं. त्याच्या जागी जो नवा विक्रेता बघून ठेवलाय, त्याला वाकता येत नाही म्हणे.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. मी निवृत्त झाले. भाची आता कॉलेजात जाते आणि स्वतःचे बूट स्वतः आणते, तिला चावतात. गेल्या आठवड्यात तो मला वाचनालयाच्या दारात भेटला. केस पिकलेत, पेन्सिल कानामागेच आहे. मी विचारलं, "काय चाललंय?"

तो एका शाळेत दुसरीला शिकवतो. वर्गात एकोणचाळीस मुलं आहेत. हातच्याच्या वजाबाकीचा तिसरा आठवडा चालू आहे आणि चौघांना ती अजून येत नाही.