भिंतीच्या आतला खर्च

मंडळी, चोपड्यात आमचं घर बांधायला काढलंय. कमी विजेत गार राहणारं घर हवं, हा हट्ट माझा. आज इंजिनिअर म्हणाला, दुहेरी भिंती आणि छताला उष्णतारोधक थर घेतला, तर समोरच्या दर्शनी भागाची सजावट, म्हणजे एलिव्हेशन, बजेटमध्ये बसणार नाही.

माझे सासरे, आबा, लगेच म्हणाले, "भिंतना मझार काय शे, कोनले दिखस? वास्तुशांतले लोके एलिव्हेशनच देखतीन."

भिंतीच्या आतलं कोणाला दिसतंय, हे पटून नवऱ्याने माझ्याकडे न बघताच एलिव्हेशनला होकार दिला.

तेवढ्यात कूलरमधलं पाणी संपलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बादली घेऊन उठले.

पाहुणे घर बघून तासाभरात जातील. पश्चिमेच्या उन्हाने तापणाऱ्या स्वयंपाकघरात मे महिन्यात कोण उभं राहणार, हे तुमच्याकडे कोणी विचारतं का?