थोरल्या मामांचा वेगळा रोट

वाटणी होऊ शकत नाही अशी वस्तूच जगात नाही, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला आणि ते म्हणजे माझे थोरले मामा. बुधवाऱ्यातलं कापडाचं दुकान आणि दापोऱ्याचा केळीचा मळा यांच्या वाटणीसाठी त्यांनी सख्ख्या धाकट्या भावावर दावा लावला तेव्हा मी शाळेत होतो. आता माझेच केस पिकायला लागलेत. दरम्यान न्यायाधीश बदलले, वकील बदलले, एक वकील तर वारले. मामांचा पेशीला, म्हणजे कोर्टाच्या तारखेला, घालायचा बंद गळ्याचा कोट तेवढा तोच राहिला.

स्वतःची पेशी नसली तर मामा दुसऱ्यांच्या ऐकायला जात. खकनारकडचा एखादा शेतकरी कोर्टाच्या बाकावर गाठून त्याच्या बांधाचा निकाल स्वतःच देऊन टाकत. लग्नाच्या पंगतीत नवरदेवाच्या बापाला विचारत, "वाटणी झाली का तुमची? नाही? मग करून टाका, अभी सगळे हसताहेत तोवर." मावा जिलबी आणली तर आधी मधोमध तोडत आणि कुठला अर्धा मोठा यावर मामीशी वाद घालत. आम्ही भाचे दोन्ही मामांचे. त्यामुळे घराच्या एका दारातून चहा पिऊन निघायचं, शेजारच्या दारात शिरायचं आणि तेच गाऱ्हाणं उलट्या बाजूने ऐकायचं. खरं सांगतो, जीव विटून जायचा.

श्रावणात कानबाई बसली की मात्र दोघांचा रोट एकच असे. हा देवीचा नैवेद्य भाऊबंदांनीच खायचा आणि खाऊन संपवायचा. बाहेरच्याला, अगदी लेकीच्या मुलालाही, त्यातला घास द्यायचा नाही. वर्षभर अबोला धरलेले माझे मामा त्या दिवशी एका पंगतीत बसत. धाकटे काही न बोलता खिरीची वाटी सरकवत आणि थोरले काही न बोलता ती रिकामी करत.

गेल्या वर्षी दोघांच्या पोरांनीच वैतागून समझोता घडवून आणला. दुकान धाकट्यांना, मळा थोरल्यांना. सह्या झाल्या. कोर्टाच्या पायऱ्या उतरताना थोरल्या मामांच्या लक्षात आलं की एक गोष्ट अजून सामाईकच आहे. ते भावाला म्हणाले, "रोट पण वेगळा करून टाकू. मागे लफडं नको."

"जशी तुमची मर्जी, दादा," धाकटे मामा म्हणाले आणि निघून गेले. कितीतरी वर्षांनी दोघं एकमेकांशी बोलले, ते एवढंच.

यंदा कानबाईला मी मामांकडे गेलो. त्यांच्या मुलाला इंदूरहून यायला सुट्टी मिळाली नव्हती. मामी तब्येतीमुळे दोन घास खाऊन उठली. मामांपुढे पुरणाच्या रोटांची चळत तशीच होती आणि भिंतीपलीकडून धाकट्यांच्या पंगतीचा गलका ऐकू येत होता. मला मामांचा राग आला आणि त्यांच्याबद्दल फार वाईटही वाटलं. धाकट्या मामांना बोलावून आणू का, म्हणून मी विचारलं.

"आता चालत नाही. मीच वेगळा केला ना," मामा म्हणाले. मग ताटाकडेच बघत म्हणाले, "भाच्या, हे संपवायला भाऊ लागतो रे."

आणि ते एकेक घास सावकाश चावत राहिले. मी पाण्याचा तांब्या त्यांच्याजवळ सरकवला. त्या ताटासाठी मला तेवढंच करता येत होतं.